वरच्या टप्प्याची कॉफी

आमच्या राजापेठेतल्या घरी जावई जेवायला बसला की सगळं घर दबक्या आवाजात बोलायला लागतं. कुकरची शिट्टी जरा मोठी झाली तरी आमचे हे स्वयंपाकघराकडे डोळे वटारून पाहतात. हे मी थट्टेने सांगत नाही, संतापाने सांगते आहे. आणि संताप जावयावर आहे, असं घाईने समजू नका. त्याच्यावर आहेच, पण त्याचा नंबर दुसरा. पहिल्या नंबरावर कोण, ते येईलच पुढे.

आमचे हे म्हणजे गोपाळकृष्ण. अमरावतीच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केली. समोरच्या वकिलाला रडवून घरी यायचे आणि वर त्याच्याच नकला करून दाखवायचे. असा माणूस जावयासमोर मात्र "हो, हो, अगदी बरोबर" यापलीकडे जात नाही. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. माझा आवाज तिसऱ्या वर्गखोलीपर्यंत जायचा. जावयासमोर तोच आवाज पाहुण्यांच्या घरी गेल्यासारखा होतो.

याला कारण आहे. आमच्या जुईलीने अकोटच्या सूर्यभानरावांशी लग्न ठरवलं तेव्हा आम्ही दोघे नाही नाही ते बोललो. जात वेगळी, बोलणं रांगडं, घरात संत्र्याच्या बागा आणि ट्रॅक्टर, पुस्तक नावालाही नाही. सहा महिने मुलीशी अबोला धरला. मग लग्न झालं आणि माणूस निघाला लाखात एक. सुपारीचं व्यसन नाही, जुईलीला तिच्या मनासारखी नोकरी करू दिली, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस दवाखान्यात बाकावर झोपला. आम्हाला आमचीच लाज वाटली. त्या लाजेपायी आम्ही चौदा वर्षं त्याच्या एकाही शब्दाला नाही म्हटलेलं नाही. हा आमचा मोठेपणा, असं आम्ही आजवर धरून चाललो होतो.

आता बागेचं. चिखलदऱ्याला माझ्या वडिलांची कॉफीची बाग होती. "विदर्भात कॉफी?" असं पुण्याकडचे पाहुणे तोंड वाकडं करून विचारतात, तेव्हा माझं डोकं तडकतं. हो, विदर्भात कॉफी. खाली परतवाड्याला मे महिन्यात डांबर वितळतं आणि तिथून घाट चढून वर गेलं की दुपारी सावलीत अंगाला गार वारा लागतो. त्या सावलीतच कॉफी वाढते. तिच्या डोक्यावर उंच झाडं लागतात, आमच्या बागेत सिल्व्हर ओक होते, साठ-सत्तर फुटांचे. ऊन त्यांच्या पानांतून गाळून खाली यायचं. उतारावर तीन टप्पे, मिळून सहाशे झाडं. वडील गेल्यावर बाग माझ्या नावावर झाली. हे लक्षात ठेवा. माझ्या नावावर.

पण बाग सांभाळली भगवंत आणि पार्बताबाईने. दोघं माळी, अचलपूरकडचे, फुलं आणि भाजी पिकवणारं घर. नवीन लग्न झालेलं असताना वडिलांनी त्यांना वर नेलं. खालचे दोन टप्पे आधीचे होते, सगळ्यात वरचा टप्पा भगवंतने स्वतः खणला, दगड वेचून बांध घातले आणि एकशे दहा झाडं लावली. पार्बताबाईने रोपं वाढवली. भगवंत गेला त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर ती एकटीने पाहायची. मार्चमध्ये झाडं पांढरीशुभ्र फुलायची, दोन-तीन दिवस वास नुसता दरवळायचा आणि तेवढ्यासाठी ती मला फोन करायची, "बाई, फुललं पाहा. येता का?" मी दर वर्षी "पाहते" म्हणायची. तोडणी हिवाळ्यात. लाल झालेलं फळ तेवढंच तोडायचं, हिरव्याला हात लावायचा नाही. एकाच झाडाकडे ती पाच-पाच वेळा जायची.

तेवीस साली अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचं. तीन वर्षांतून एकदा लेक-जावई लक्ष्मीनारायण होतात. आमच्याकडे या प्रकाराला ऊत येतो. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, जावयाला धोतरजोडी, जी तो आयुष्यात नेसणार नाही. मी त्याचे पाय धुतले, यांनी ताम्हन पुढे केलं आणि अनारशांच्या ढिगावर चिखलदऱ्याच्या बागेची किल्ली ठेवली. "सूर्यभानराव, तुम्ही जातिवंत बागायतदार. आता बाग तुम्ही पाहा. आमच्याच्यानं होत नाही." जुईलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं. पार्बताबाईला विचारावं, निदान कळवावं, हे त्या खोलीत कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

सूर्यभानराव दुसऱ्याच आठवड्यात वर जाऊन आले. आल्यावर हसत म्हणाले, "आई, बाग हाय का जंगल हाय ते? सूर्य दिसत नाई तिथं. सावलीत फळ कसं धरन?"

मी जीवशास्त्र शिकवलेली बाई. मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "तुम्हाला त्यातलं जास्त कळतं."

फेब्रुवारीत सिल्व्हर ओक पडले. कागदपत्रं रीतसर केली, लाकूड रीतसर गेलं. डोंगराची कड मोकळी दिसावी म्हणून दरीकडचं कुंपणही काढलं. मग त्यांनी जे केलं ते आमच्या वऱ्हाडातल्या संत्रेवाल्यालाच सुचेल. संत्र्याला ताण देतात. म्हणजे उन्हाळ्यात पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती उकरायची, मुळ्या उन्हाला दाखवायच्या. झाड सुकतं, पानं टाकतं, घाबरतं, आणि मृगाचा पाऊस पडला की जिवाच्या आकांताने फुलतं. त्या एका युक्तीवर अकोटात सूर्यभानरावांनी बक्षिसं मिळवली आहेत. त्यांचे फोटो आहेत भिंतीवर, फेटा बांधून. तेच त्यांनी कॉफीला करायचं ठरवलं. कॉफीच्या मुळ्या वीतभर मातीत पसरलेल्या असतात. त्या उकरायच्या, डोक्यावरची सावली काढून, मे महिन्यात. मी नववीच्या मुलीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक-जावई आमरस जेवायला आले होते. पाट मांडले, यांनी जावयासाठी खास बैंगनपल्ली आंबे आणले होते. दुपारचा एक वाजला असेल, मागच्या दाराची कडी वाजली. पार्बताबाई उभी होती. चिखलदऱ्याहून परतवाडा, परतवाड्याहून अमरावती, एसटीने उभ्याने आलेली. लुगड्याचा पदर घामाने चिकटलेला आणि हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी.

तिने फडकं सोडलं. पानं करपून कागदासारखी झाली होती, आणि त्यांच्या बेचक्यात मोहरीएवढी हिरवी फळं धरलेली होती. तीही सुरकुतलेली.

"खालचे दोन टप्पे उकरून झाले, बाई. मुया उघड्या पाडल्या. मी म्हनलं मजुरायले, नोका करू, त ते म्हनतात मालकाचं सांगनं हाय. उद्या सोमवारी वरचा टप्पा उकरतात. यायचा टप्पा." 'यायचा' म्हणजे भगवंतचा. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. "मी पानी नेऊन टाकून राहिली घागरीनं, पन किती टाकू? तुमी फकस्त एक शब्द सांगा त्याइले. वरचं राहू द्या म्हना. बाकी जाऊ द्या मंग."

हे सगळं ती हळू बोलत होती. जावई घरात आहे, हे तिला बाहेरच्या चपलांवरून कळलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून बैठकीतल्या पाटापर्यंत दहा पावलं आहेत. मी नंतर मोजली आहेत. दहा पावलं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं.

मी तिला म्हटलं, "थांब, बोलते." रसाचं पातेलं उचललं आणि बाहेर गेले. सूर्यभानराव पुरीचा घास मोडत होते. माझ्याकडे पाहून हसले, तोंडभर. जुईली त्यांच्या शेजारी बसलेली, तिचा चेहरा इतका समाधानी की बस. हे म्हणत होते, "जावईबापूंच्या हाताला गुण आहे, बागेचं सोनं होणार." माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. वरच्या टप्प्याला हात लावू नका. एवढंच.

मी वाकून म्हटलं, "आणखी वाढू का?"

"वाढा, आई," ते म्हणाले.

मी वाढलं. आत आले. पार्बताबाई तिथेच उभी होती. दार सताड उघडं होतं, तिने सगळं ऐकलेलं होतं. मी तिच्याशी खोटं बोलले, "रात्री निवांत बोलते त्यांच्याशी." तिने फांदी पुन्हा फडक्यात गुंडाळली. मी तिला रस वाढायला घेतला तर म्हणाली, "बस चुकन." आणि गेली. रात्री मी काहीही बोलले नाही. सोमवारी वरचा टप्पा उकरला गेला.

तर पहिल्या नंबरावर मी आहे. हे आता सांगून झालं.

जूनमध्ये पाऊस पडला आणि झाडं फुलली नाहीत. काटक्या झाल्या. सहाशेतलं एकही वाचलं नाही. सूर्यभानराव चार दिवस खाली मान घालून फिरले, मग म्हणाले, "जमीनच चोर हाय तिथली." यांनी मान डोलावली. काटक्या उपटून टाकल्या, वरच्या टप्प्यावर दरी पाहायला बाकडी टाकली, खाली पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. पार्बताबाईला कामावरून कुणी काढलं नाही. कामच उरलं नाही म्हटल्यावर काढायचं काय? ती पॉइंटवर मक्याची कणसं भाजायला बसते, असं कुणीतरी सांगितलं. मी दोन वर्षं वर गेले नाही. तोंड नव्हतं.

यंदा पुन्हा अधिक मास आला, ज्येष्ठातला. पुन्हा अनारशांचं पीठ भिजलं. पुन्हा ताम्हन, पुन्हा दिवा. सूर्यभानराव हातात एक पिशवी घेऊन आले आणि मोठ्या उत्साहाने म्हणाले, "आई, या खेपेले मीच तुमाले वाण आनलं."

पिशवीतून कॉफीची पुडकी निघाली. चकचकीत, गडद हिरवी. वर लिहिलेलं, 'चिखलदऱ्याची अस्सल कॉफी, आमच्या डोंगरातून तुमच्या कपात.' आणि त्याखाली पार्बताबाईचा फोटो. नऊवारी लुगडं, हाताच्या ओंजळीत लाल फळं, मागे सिल्व्हर ओकचे बुंधे. तो फोटो जुईलीने कधीतरी हिवाळ्यात काढलेला, मला चांगला आठवत होता.

"ही कुठली कॉफी?" मी विचारलं.

"पावडर ना? ते येते बाहेरून. दक्षिनेकडचा एक पार्टी हाय आपला," ते मोकळेपणाने म्हणाले. "धंद्यात चालते, आई. टुरिस्टायले नाव पाह्यजे. खोल्यात ठेवतो, दुकानात ठेवतो, धडाधड जाते."

"आणि ही बाई?"

"पार्बताबाई. ओयखलं नाई का? मस्त आलाय ना फोटो?"

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी ताम्हन उचललं आणि ओट्यावर आदळलं. अनारसे स्वयंपाकघरभर झाले. हे धावत आले, "प्रमोदिनी, अगं काय करतेस, जावई आहेत!"

"आहेत ना! चौदा वर्षं आहेत! दिसतात मला!" माझा आवाज तिसऱ्या वर्गखोलीपर्यंत जाणारा तो आवाज होता. "तिची झाडं मारलीत, आता तिचं तोंड विकता? जी झाडं तुम्ही उन्हात उपाशी मारलीत त्यांची फळं तिच्या हातात देऊन? लाज नाही वाटत? मी जीवशास्त्राची बाई, मला माहीत होतं ती मरणार. कॉफीला ताण देतात? संत्रं आहे का ते? आणि बाग माझ्या नावावर आहे, ऐकताय ना? माझ्या! किल्ली द्या इकडे. वाण नाही, बिण नाही. किल्ली!"

जुईली रडायला लागली. यांनी खुर्ची धरली. सूर्यभानराव मात्र नुसते उभे राहिले. चिडले नाहीत. चिडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी खिशातून जुडगा काढला, त्यातली किल्ली सोडवली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आई, तुमाले माईत होतं?"

मी सांडलेले अनारसे वेचायला खाली वाकले.

"मंग काहून नाई बोलल्या? मले संत्र्याचं समजते, कॉफीचं नाई समजत. तुमी एक डाव म्हनलं असतं ना, सूर्यभान, थांबा, त मी त्याच मिन्टाले थांबलो असतो. मी तुमच्याकडं पाहून राहिलो होतो. कोनी काई बोलेच ना. मले वाटलं माहं बराबर हाय."

त्या माणसाने मला धड रागावूही दिलं नाही. पुडक्यांचा राग बरोबर होता आणि तो मी सोडलेला नाही. फोटो काढून टाकतो, असं त्यांनी नंतर जुईलीकडे कबूल केलं आहे आणि मी पाहणार आहे काढतात की नाही. पण बागेचा राग मी दोन वर्षं त्यांच्या नावाने जपून ठेवला होता आणि तो त्यांनी उभ्या उभ्या माझ्या पदरात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी एकटी वर गेले. यांना येऊ दिलं नाही. पार्बताबाई पॉइंटवर नव्हती, घरी सापडली. मागच्या अंगणात फणसाखाली डालडाच्या डब्यांतून आणि दुधाच्या पिशव्यांतून कसलीतरी रोपं लावलेली होती. चकाकणारी, जोडीजोडीने आलेली पानं. मी लगेच ओळखली. मोजली तर चौदा होती.

"वरच्या टप्प्याचं बी," ती म्हणाली. "उकराच्या आधीच्या तोडनीचं."

मी पिशवीतून किल्ली काढली. सगळं रस्ताभर घोकलेलं बोलले. बाग तुझी. कागद करून देते, वकील घरातच आहे. लाव ही रोपं पुन्हा वरच्या टप्प्यावर. मला वाटलं होतं, ती रडेल. मला, खरं सांगायचं तर, तिने रडायला हवं होतं.

तिने किल्लीकडे पाहिलं. "किल्ली कायले, बाई? कुंपन कुठी हाय? गाई-ढोरं फिरून राहिले तिथं." मग रोपांकडे बोट केलं. "अन् हे उन्हात लावू का? सावली व्हाले वीस वर्सं लागतात. तुमचं वय किती? माहं किती?"

मी किल्ली परत पिशवीत टाकली.

"बसा," ती म्हणाली. "आल्या त कॉफी घ्या. थोडीशी राह्यली डब्यात. यायच्याच झाडाची."

तिने तव्यावर मूठभर दाणे भाजले, खलबत्त्यात कुटले, गूळ घालून उकळले. दूध घातलं नाही. मी पितळी पेल्यातून प्यायले. कडू होती, मागून गोड. माझ्या वडिलांच्या घरात हिवाळ्यात सकाळी हाच वास यायचा. ती समोर बसून माझ्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. पेला संपला तसं तिने पातेलं उचललं, जरा वाकली आणि विचारलं, "आणखी वाढू का?"

'वाढू का' नव्हे, तिच्या बोलीत 'देऊ का' झालं असतं. 'आनखी' झालं असतं. ते शब्द माझे होते, राजापेठेतले, मे महिन्यातल्या त्या दुपारचे, जसेच्या तसे. दोन वर्षं तिने ते जपून ठेवले होते.

पातेल्यात पेलाभरच उरली होती, आणि डबा रिकामा झालेला मी पाहिला होता. नको म्हणायला हवं होतं. याही वेळी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मी पेला पुढे केला आणि तिने वाढलं.